घाबरट मांजर ट्रे सोडून गादीवर लघवी करते आणि हा त्रास पुन्हा पुन्हा परततो : कारण कसे शोधावे, उपाय काय करावेत

भुरी आम्हाला पार्किंगमध्ये एका स्कूटरखाली पावसात भिजलेली सापडली. त्याला आता चार वर्षे झाली, तरी दारावरची बेल वाजली की ती अजूनही दिवाणाखाली शिरते. नसबंदी झालेली, ठाण्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटबाहेर कधीही न जाणारी, एरवी अत्यंत स्वच्छ अशी ही मांजरी गेल्या अडीच वर्षांत तीनदा आपला शौचाचा ट्रे सोडून गादीवर, बाल्कनीच्या दाराजवळच्या पायपुसण्यावर आणि एकदा इस्त्रीला काढून ठेवलेल्या कपड्यांवर लघवी करू लागली. दर वेळी आम्ही धुणे धुतले, वास घालवला, काहीतरी नवीन विकत आणले, आठवडाभरात सगळे सुरळीत झाले आणि प्रश्न मिटला असे आम्ही समजलो. काही महिन्यांनी तो पुन्हा उभा राहिला. हा क्रम आपल्या घरातही चालू असेल, तर तो कसा तोडता येतो हे आमच्या चुकांसकट येथे मांडत आहे.

पहिली पायरी दवाखान्याची

घरातल्या उपायांचा विचार करण्याआधी एक गोष्ट निश्चित करावी लागते, आणि ती म्हणजे मांजराला लघवी होत आहे की नाही. मांजर वारंवार ट्रेमध्ये जाऊन बसते, जोर करते, ओरडते, मागचा भाग सतत चाटते आणि प्रत्यक्षात थेंब-दोन थेंबच बाहेर पडतात किंवा तेवढेही पडत नाहीत, असे दिसले तर मूत्रमार्ग तुंबलेला असण्याची शक्यता असते. बोक्याचा मूत्रमार्ग लांब आणि अरुंद असल्यामुळे हा धोका प्रामुख्याने बोक्यांना असतो. आपल्याकडे पुष्कळदा हे बद्धकोष्ठ समजून मांजराला दूध किंवा तूप पाजले जाते आणि त्यात मोलाचे तास निघून जातात. लघवी अडली की रक्तातले पोटॅशियम वाढत जाते, त्याचा परिणाम हृदयावर होतो आणि एक-दोन दिवसांत मांजर दगावू शकते. अशा वेळी रात्र असली तरी सकाळपर्यंत थांबू नये. वेदना होत आहेत असे वाटून माणसांची कोणतीही गोळी देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

लघवी नीट होत असेल तरीही तपासणी टाळू नये. वयस्कर मांजरात मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा थायरॉइडचा त्रास असेल तर लघवीचे प्रमाण वाढते आणि ट्रे अपुरा पडू लागतो. सांधे दुखत असतील तर उंच काठाच्या ट्रेमध्ये पाय टाकणेच त्याला नकोसे होते. तपासणीसाठी लघवीचा नमुना घरी घ्यायचा असेल, तर काही मांजरे धुऊन कोरड्या केलेल्या रिकाम्या ट्रेमध्येही लघवी करतात. ती सुईविना सिरिंजने ओढून घ्यावी आणि शक्य तितक्या लवकर दवाखान्यात पोहोचवावी.

भुरीच्या लघवीत रक्तपेशी आढळल्या; जंतुसंसर्ग मात्र नव्हता आणि खडेही नव्हते. पशुवैद्यांनी निदान केले ते मूत्राशयाच्या अशा दाहाचे, ज्याचे एकच एक कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. तरुण आणि मध्यमवयीन मांजरांत लघवीच्या तक्रारींमागे हाच प्रकार सर्वाधिक आढळतो. या वयात जंतुसंसर्ग त्या मानाने विरळा असतो, म्हणून दर वेळी प्रतिजैविकांचा आग्रह धरण्यात अर्थ नसतो.

दर वेळी फसवणूक कुठे झाली

या दाहाचा एक गुणधर्म आम्हाला आधी माहीत असता, तर आमची दोन वर्षे वाचली असती. त्याचा जोर बहुतेक वेळा पाच ते सात दिवसांत आपोआप ओसरतो, त्यामुळे त्या आठवड्यात आपण जे काही केलेले असेल तेच रामबाण ठरल्यासारखे वाटते. पहिल्या खेपेस आम्ही लव्हेंडरच्या वासाचे महागडे लिटर (ट्रेमध्ये पसरायची, ओल शोषणारी माती) आणले, सहाव्या दिवशी भुरी ट्रेमध्ये जाऊ लागली आणि श्रेय लिटरला मिळाले. पुढे वर्षभर आम्ही तेच लिटर नेमाने वापरत राहिलो. प्रत्यक्षात बहुसंख्य मांजरांना सुवासिक लिटर आवडत नाही, म्हणजे ज्याला आम्ही औषध समजत होतो ती वस्तू तिच्या त्रासात रोज भर घालत होती. दुसऱ्या खेपेस हेच श्रेय एका नव्या झाकणवाल्या ट्रेला मिळाले, आणि तोही तिला सोयीचा नव्हता.

भीती आणि मूत्राशय यांचा संबंध केवळ कल्पनेतला नाही. अशा मांजरांमध्ये ताणाला प्रतिसाद देणारी मज्जासंस्था वाजवीपेक्षा अधिक चेतवलेली राहते, मूत्राशयाच्या आतले संरक्षक अस्तर कमजोर होते आणि लघवीतले क्षोभक घटक आतल्या थराला झोंबू लागतात. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात ३२ मांजरांचे ७७ आठवडे निरीक्षण केले गेले आणि त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. सांभाळणारी व्यक्ती बदलणे, रोजचे वेळापत्रक मोडणे अशा अनपेक्षित घटना घडलेल्या आठवड्यांत खाणे कमी होणे आणि ट्रेबाहेर घाण करणे हे प्रकार वाढले. आणि ते केवळ आजारी मांजरांतच नव्हे, तर निरोगी मांजरांतही वाढले. त्याच विद्यापीठातले पशुवैद्य टोनी बफिंग्टन यांनी त्याआधी २००६ मध्ये मांडलेल्या उपचाराचा मुख्य भर घरातली परिस्थिती बदलण्यावर होता.

यात आणखी एक गुंता असतो. दाह झालेला असताना ट्रेमध्ये बसले की दुखते, आणि ते दुखणे मांजराच्या मनात त्या ट्रेशी जोडले जाते. मग दाह शमल्यावरही ते मऊ, शोषून घेणारी, मोकळी जागा शोधते. गादी या तिन्ही कसोट्यांना उतरते आणि शिवाय तिच्यावरून खोलीचे दार स्वच्छ दिसते.

आमच्या आईचे मत सुरुवातीला निराळे होते. ती गावाहून चार महिन्यांसाठी आली आणि भुरीने तिच्याच गादीचा ताबा घेतला, तेव्हा मांजर सूड उगवते आहे हे तिच्या लेखी सिद्ध झाले आणि तिने एकदा भुरीचे नाक त्या ओल्या जागेवर घासले. भुरी त्यानंतर दोन दिवस कपाटामागून बाहेर आली नाही आणि तिसऱ्या दिवशी तिने कपाटामागेच लघवी केली. शिक्षेने हे मांजर सुधारत नाही, कारण शिक्षेचा नेमका संबंध ते आपल्या कृतीशी जोडू शकत नाही. घरात घाबरण्याजोगी आणखी एक गोष्ट आहे, एवढेच त्याला कळते.

खुणा वाचणे

मांजर बसून लघवी करते की उभ्याने फवारा मारते, हे आधी पाहावे. भिंत, पडदा किंवा सोफ्याची बाजू अशा उभ्या पृष्ठभागावर थोडीशी लघवी आढळली आणि तसे करताना शेपटी ताठ होऊन थरथरत असेल, तर ती हद्द आखण्याची खूण असते. नसबंदी न झालेल्या बोक्यांत हे सर्वाधिक दिसते आणि नसबंदीनंतर बहुतेकांचे थांबते. तरीही नसबंदी झालेल्या साधारण दहा टक्के बोक्यांत आणि पाच टक्के मांजरींत ते आढळते. जमिनीवर किंवा गादीवर मोठे ओले वर्तुळ असेल, तर मांजर बसून मोकळे झालेले असते, आणि मग प्रश्न असा विचारायचा की त्याला ट्रेपर्यंत जाणे का जमले नाही.

तिसऱ्या खेपेस पशुवैद्यांच्या सांगण्यावरून आम्ही फ्रिजवर एक वही ठेवली. तारीख, वेळ, जागा, प्रमाण आणि आदल्या चोवीस तासांत घरात किंवा इमारतीत काय घडले, एवढेच त्यात लिहायचे होते. जागेची नोंद घेताना नुसते ‘बेडरूम’ असे न लिहिता पलंगाची कोणती बाजू, दाराकडची की भिंतीकडची, हेही लिहावे. दोन आठवड्यांत बुधवार आणि रविवार यांची नावे इतक्या वेळा आली, की आम्हाला आपल्या आंधळेपणाचे हसू आले. आमचा ट्रे बाथरूमच्या आतल्या कोपऱ्यात, वॉशिंग मशीनला खेटून ठेवलेला होता. धुवायला पाणी जवळ आणि पाहुण्यांच्या नजरेआड, असा त्यामागचा विचार. आठवड्यातून दोनदा मशीन लागे, कपडे पिळण्याच्या टप्प्यात ते गदागदा हलू लागे, आणि भुरी त्या वेळी ट्रेमध्ये असली तर तिला बाहेर पडायला एकच वाट होती, तीही मशीनच्या समोरून. भरीला रोज सकाळी त्याच फरशीवर फिनेल पडत असे.

वहीने दुसरे कारणही दाखवले. बाल्कनीजवळच्या पायपुसण्यावरच्या सगळ्या नोंदी पहाटेच्या होत्या. एके दिवशी साडेपाचला उठून पाहिले, तेव्हा एक भलाथोरला पिवळा बोका छज्जावर बसून ग्रिलमधून आत टक लावून पाहत होता आणि आत भुरी अंग फुगवून थिजली होती. आम्ही काचेच्या खालच्या दीड-दोन फुटांना दुधी फिल्म चिकटवली, छज्जा स्वच्छ धुतला, आणि खालच्या मजल्यावरच्या ज्या काकू त्याला बाल्कनीतून मासे टाकत असत, त्यांना ते खाणे गेटपाशी ठेवण्याची विनंती केली. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका स्थानिक गटाच्या मदतीने त्या बोक्याची नसबंदीही झाली. काकूंची समजूत घालण्यात बोका पकडण्यापेक्षा अधिक वेळ गेला, ही गोष्ट वेगळी.

ट्रेची मांडणी

एका मांजरामागे एक आणि वर आणखी एक, असे ट्रेच्या संख्येचे प्रमाण मांजरतज्ज्ञ पशुवैद्यांच्या अमेरिकेतल्या आणि आंतरराष्ट्रीय अशा दोन संघटनांच्या २०१४ सालच्या मार्गदर्शक सूचनांत दिलेले आहे. म्हणजे एकाच मांजराच्या घरातही दोन. लहान फ्लॅटमध्ये हे ऐकून कपाळाला हात लागतो, पण घाबरट मांजराला एका वाटेवर धोका वाटला तर दुसरी मोकळी असावी, एवढाच त्याचा अर्थ आहे. म्हणूनच दोन ट्रे शेजारीशेजारी ठेवले तर मांजराच्या दृष्टीने ती एकच जागा ठरते. आम्ही एक ट्रे बेडरूमच्या खिडकीखाली आणि दुसरा हॉलमधल्या पुस्तकांच्या कपाटाच्या बाजूला ठेवला, जिथून दोन्हीकडे निघून जाता येते. जुना ट्रे मात्र भुरी नवे ट्रे नियमित वापरू लागेपर्यंत बाथरूममध्येच राहू दिला, कारण ओळखीची जागा एकाएकी नाहीशी करणे हाही तिच्यासाठी धक्काच असतो.

ट्रेची लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या लांबीच्या दीडपट असावी. दुकानांत मांजरांसाठी म्हणून मिळणारे बरेच ट्रे यापेक्षा लहान असतात. प्लास्टिकच्या सामानाच्या दुकानातला मोठा, सपाट बुडाचा साठवणीचा डबा आणून त्याची एक बाजू पाच-सहा इंचांवर कापून घेतली आणि कडेवर चिकटपट्टी लावली, तर तो स्वस्तात आणि अधिक चांगला पडतो. झाकण नसावे, आत वास कोंडतो आणि बाहेर कोण आहे हे दिसत नाही. आत बिनवासाचे, ओले झाल्यावर गोळा बनणारे बेंटोनाइट मातीचे लिटर साधारण तीन सेंटिमीटर जाडीने पसरावे. बांधकामाची वाळूही अनेक घरांत वापरली जाते आणि मांजरांना ती चालते. परंतु तिचे गोळे होत नाहीत, ओल तळाशी साचते आणि म्हणून ती रोज पूर्ण बदलावी लागते. पावसाळ्यात कोकणपट्टीच्या दमट हवेत पिशवीतले लिटरसुद्धा ओल धरते, तेव्हा ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. घाण दिवसातून दोनदा काढावी आणि ट्रे आठवड्याला भांड्यांच्या सौम्य साबणाने धुवावा.

वास घालवताना होणाऱ्या चुका

घरोघरी फरशीला लागणारे फिनेल आणि पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी जंतुनाशके मांजराच्या घरात वापरूच नयेत. फिनॉल वर्गातल्या रसायनांचा निचरा करण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फार कमी असते. ती पंजांना लागतात, मांजर पंजे चाटते आणि विष पोटात जाते. आमच्याकडे काम करणाऱ्या ताईंना हे एकदा समजावून सांगितल्यावर त्यांनी बिनतक्रार साबणाचे पाणी वापरायला सुरुवात केली. चूक इतके दिवस न सांगणाऱ्या आमची होती. ब्लीचचा मोह आणखी धोक्याचा, कारण लघवीतल्या अमोनियाशी त्याचा संयोग होऊन श्वासाला घातक असा वायू तयार होतो.

मांजराच्या लघवीतल्या यूरिक आम्लाचे स्फटिक साध्या पाण्याने निघत नाहीत. डाग गेला असे वाटते आणि जुलैत हवा ओलावली की तोच वास पुन्हा वर येतो. आपल्याला आला नाही तरी मांजराला तो येतच असतो, आणि मुतायची जागा हीच, असे तो त्याला सांगत असतो. ताजी लघवी आधी जुन्या सुती कापडाने दाबून टिपावी, चोळू नये. नंतर एन्झाइमयुक्त (लघवीतल्या घटकांचे विघटन करणारा) क्लीनर किंवा एन्झाइम असलेल्या कपड्याच्या पावडरीचे पाणी त्या जागेवर लघवी जितकी खोल गेली असेल तितके खोल मुरू द्यावे, काही तास तसेच ठेवावे आणि मग साध्या पाण्याने काढून उन्हात सुकवावे. जुने डाग अंधारात अतिनील टॉर्चने उजळून दिसतात. आम्हाला पलंगाच्या पायाशी असे दोन डाग सापडले, ज्यांची घरात कोणालाच कल्पना नव्हती. कापसाच्या गादीत आत मुरलेली लघवी मात्र वरून कधीच निघत नाही. आम्ही शेवटी गादी उसवून खराब कापूस काढून टाकला, उरलेला पिंजून घेतला, नवे कव्हर शिवले आणि त्यावर जलरोधक खोळ घातली.

बेडरूमचे दार बंद ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मांजराची लपण्याची जागा त्याच खोलीत असेल, तर त्या सल्ल्याने त्याचा आसरा जातो आणि त्रास वाढतो. आम्ही दार उघडे ठेवून दिवसा गादीवर प्लास्टिकची चटई पसरत होतो.

भीती कमी करणे

लपायला जागा देणे म्हणजे भित्रेपणाला खतपाणी घालणे, असा एक समज आहे. वस्तुतः हक्काची लपण्याची जागा असली की मांजर बाहेर अधिक वेळ घालवते. एक पुठ्ठ्याचे खोके आडवे टाकून आणि कपाटावरची एक फळी रिकामी करून हे काम झाले. खाण्याच्या वेळा सुट्टीच्या दिवशीही त्याच ठेवल्या. पाण्याची भांडी ट्रेपासून दूर, दोन-तीन ठिकाणी ठेवली आणि खाण्यात पाण्याचा अंश वाढवला, कारण लघवी पातळ झाली की मूत्राशयाला कमी झोंबते. मांदेली किंवा बोंबील उकडलेले पाणी भुरी आवडीने पिते. त्यात मीठ, कांदा, लसूण काहीही नसावे, कारण कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तपेशींना अपाय करतात.

गणपतीतले ढोल-ताशे आणि दिवाळीचे फटाके यांची तारीख आधीच माहीत असते, तेव्हा तयारीही आधी करता येते. त्या दिवसांत भुरीचे खोके, पाणी आणि एक ट्रे आम्ही चार दिवस आधीपासून आतल्या खोलीत ठेवतो, संध्याकाळ होण्यापूर्वी खिडक्या लावतो आणि पंखा मोठा करतो. अतिशय घाबरणाऱ्या मांजरासाठी पशुवैद्य अशा प्रसंगापुरते गॅबापेंटिन हे भीती शमवणारे औषध देतात, आणि त्रास दीर्घकाळ चालला तर फ्लुओक्झेटिनसारखे औषध सुरू करतात. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि ते मनाने एकदम बंद करायचे नसते. ही दोन्ही औषधे माणसांच्या दुकानातून स्वतःच्या हिशेबाने आणून देऊ नयेत. मांजरांच्या गालांवरच्या ग्रंथींतल्या गंधद्रव्याची कृत्रिम नक्कल हवेत सोडणारे डिफ्यूझरही मिळतात. त्यांचा उपयोग कमी-अधिक होतो आणि ते जोडीला ठीक आहेत, पण वॉशिंग मशीनशेजारच्या ट्रेवर तो उतारा नव्हे.

त्रास परत आला तर

भुरीची मांडणी बदलून सात महिने झाले. या काळात दोनदा प्रसंग आला, एक दिवाळीत आणि एक गेल्या महिन्यात. पहिल्या दिवशी आम्ही आता काहीही नवीन विकत आणत नाही. लघवी मोकळी होते आहे ना, हे ट्रेमधले गोळे मोजून पाहतो, रक्त किंवा जोर करणे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठतो आणि मग वही उघडतो. गेल्या महिन्यातली नोंद आईच्या अक्षरात आहे. जागा, हॉलमधली सतरंजी. वेळ, दुपारी सव्वादोन. कारणाच्या रकान्यात तिने लिहिले आहे की वरच्या मजल्यावर सकाळपासून ड्रिल चालू आहे आणि आपण हॉलमधल्या ट्रेसमोर पाहुण्यांच्या बॅगा ठेवल्या आहेत. बॅगा तिने लिहिण्याआधीच हलवल्या होत्या. वरच्या शेजाऱ्यांकडून ड्रिलची वेळ विचारून घेतली आणि पुढचे तीन दिवस भुरीचे खोके आतल्या खोलीत गेले.